वरकस ते व्हॅली व्ह्यू : डोंगरातल्या घराच्या किमतीची गोष्ट

१/
मुंबई–पुणे जुन्या महामार्गावर, चौकच्या शेजारी, खालापूर तालुक्यातले लोधिवली हे गाव आहे. उत्तरेला माथेरान, प्रबळगड आणि इर्शाळगड यांचे डोंगर. आज या भागात ‘सेकंड होम’, ‘व्हॅली व्ह्यू’, ‘एन. ए. प्लॉट’ असे शब्द मिरवणाऱ्या जाहिराती जागोजागी आढळतात. डोंगरातल्या घराला भाव असतो, हे आता कोणालाही नवल वाटत नाही. पण तो भाव कशाचा असतो? आणि व्यवहाराच्या दिवशी घेणाऱ्याला काय ठाऊक असते, देणाऱ्याला काय? या प्रश्नाचा इतिहास याच परिसरात पावणेदोनशे वर्षे मागे जातो. #धागा

२/
मे १८५०. ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट याचा तळ चौकला पडला होता. समोरचा डोंगर तो चढून गेला. वर सपाटी, दाट झाडी आणि मुंबईच्या वैशाखात स्वप्नवत वाटावी अशी हवा. इंग्रजी ग्रंथांत या चढाईला माथेरानचा ‘शोध’ म्हटले जाते. ठाकूर, कातकरी आणि धनगर त्या डोंगरावर आधीपासून वावरत होते. तेव्हा शोध हा शब्द एका बाजूपुरताच खरा.

मॅलेटने तेथे घर बांधले, इतरांनीही बांधली. कॅप्टन बार याचे १८५२ सालचे ‘बार हाउस’ आजही उभे आहे. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन (कारकीर्द १८५३–१८६०) याने या डोंगराला आपला लोभ दिला. गव्हर्नर जेथे जातो, तेथे मुंबईचे प्रतिष्ठित मंडळ जाणारच.

३/
एक गोष्ट ध्यानात घ्यावी. माथेरानच्या एका झऱ्याला आजही मॅलेटचे नाव आहे. डोंगरावर हवा फुकट असते. घर उभे राहते ते पाण्यावर. कोकणातल्या डोंगरावर पावसाळ्यात पाणी मावत नाही आणि एप्रिलमध्ये शोधावे लागते. म्हणजे ज्या दिवसांत शहरातला माणूस वर येतो, नेमक्या त्याच दिवसांत पाण्याची ओढ सर्वांत अधिक. शार्लट तलाव याच गरजेतून महत्त्वाचा ठरला, आणि आज तर नेरळकडून पाणी वर चढवावे लागते.

जुन्या मराठी इनामपत्रांत जमीन देताना एक ठरलेली ओळ येई : ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप’ यांसहित. जमिनीखालचा पुरलेला ठेवासुद्धा त्यात मोजलेला असे. पण सर्वांत आधी जल.

४/
आता डोंगराच्या पायथ्याशी उतरू, कारण किमतीचा खरा गुंता तेथे आहे.

ब्रिटिश महसुली मोजणीने कोकणातल्या जमिनीची प्रतवारी केली. सखल, बांध घातलेली ती भातजमीन. उताराची, दगडगोट्यांची ती वरकस. वरकसावर नाचणी, वरी यांसारखी पिके दोन-चार वर्षे घ्यायची आणि मग जमीन पड ठेवायची. भातशेतीचा राब भाजण्यासाठी लागणारा पालापाचोळा, गवत, टाहळ हेही तेथूनच येई. म्हणजे वरकस ही भातशेतीची सावली होती. तिच्यावाचून खाचरातले रोप उगवत नसे. पण सारा आकारताना भाताला एकरी रुपये लागत आणि वरकसाला आणे. कागदावर डोंगरउताराची किंमत जवळजवळ नाहीच.

आज जाहिरातीत ज्याला ‘व्हॅली व्ह्यू’ म्हणतात, तो हाच उतार. ज्या गुणासाठी महसूल खात्याने त्याला हलके ठरवले, त्याच गुणासाठी शहरी ग्राहक जास्त पैसे मोजतो. एकाच जमिनीला दोन माणसे दोन मापांनी मोजत होती, आणि फार काळपर्यंत त्यांपैकी एकालाच दुसऱ्याचे माप ठाऊक होते.

५/
दुसरे माप वेळेचे. १८५६ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली आणि वाटेवरचे नेरळ माथेरानचे दार झाले. डोंगर तसूभरही हलला नाही, तरी मुंबईच्या जवळ आला. १९०७ मध्ये सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने नेरळ–माथेरान ही दोन फुटी रुंदीची रेल्वे सुरू केली. तिला सुमारे १६ लाख रुपये लागले, असे सांगितले जाते. रुळांचा मार्ग जवळपास २१ किलोमीटरचा, वळणांचा. त्या आधी वर जायचे तर पायी, घोड्यावर, नाहीतर पालखीत.

‘मुंबईपासून अमुक तासांवर’ हे आजच्या जाहिरातींतले वाक्य त्याच परंपरेतले आहे. ते वाक्य अंतर सांगत नाही, वेळ सांगते. आणि वेळ विकणाऱ्याच्या घड्याळावर मोजलेला असतो.

६/
जमिनीच्या अपेक्षेवर पैसा लावण्याचे वेड मुंबईने एकदा अनुभवले होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–१८६५) कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशातून बॅक बे रेक्लमेशनसारख्या कंपन्या निघाल्या, म्हणजे समुद्र हटवून जी जमीन मिळायची होती, तिच्यावर शेअर विकले गेले. जमीन अजून पाण्याखाली आणि भाव मात्र आकाशात! १ जुलै १८६५ हा हिशेब चुकते करण्याचा दिवस शहराच्या आठवणीत काळा दिवस म्हणून राहिला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्यांचेही दिवाळे निघाले.

न झालेल्या रस्त्याकडे बोट दाखवून आज प्लॉट विकला जातो, तेव्हा जात तीच असते.

७/
माथेरानवर मात्र एक वेगळीच अट होती. तेथील जमीन सरकारची. बंगलेवाल्यांना ती भाडेपट्ट्याने मिळे. बंगल्यांचे ‘माथेरान प्लॉट’ वेगळे, बाजारपेठेतले ‘बाजार प्लॉट’ वेगळे. त्यामुळे माथेरानचा बंगला विकत घेणारा भिंती, कौले आणि पट्ट्याची उरलेली वर्षे विकत घेतो. पट्टा केव्हा संपतो, नूतनीकरण कोणत्या अटींवर, हस्तांतराला परवानगी लागते का, हे न विचारता केवळ व्हरांडा पाहून भाव बोलणारा माणूस अर्धीच वस्तू पाहत असतो.

शिवाय गावात मोटारीला बंदी. वाहने दस्तुरी नाक्याला थांबतात. पुढे वीट, वाळू, सिमेंट जायचे ते घोड्यावर, माणसाच्या डोक्यावर किंवा हातगाडीवर. ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान व भोवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. तेव्हापासून बांधकामावर आणखी बंधने आली. या बंधनांनी डोंगरमाथा वाचला आणि पायथ्याच्या जमिनीवरचा दाब वाढला. कर्जत-खालापूरकडे वळलेली शहरी नजर या दोन्ही गोष्टींच्या संदर्भात पाहावी लागते.

८/
आता कायद्याकडे. १८८२ हे साल विलक्षण आहे. त्याच वर्षी ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये माथेरानचे तपशीलवार वर्णन छापले गेले आणि त्याच वर्षी मालमत्ता हस्तांतरण कायदा झाला. (मुंबई इलाख्याला मात्र तो १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. मधली वर्षे हा इलाखा जुन्या नियमांवर चालला.)

या कायद्याचे ५५ वे कलम प्रत्येक घर घेणाऱ्याने एकदा वाचावे असे आहे. विकणाऱ्यावर बंधन असे की, मालमत्तेतला किंवा मालकीहक्कातला जो महत्त्वाचा दोष त्याला माहीत आहे आणि सामान्य सावधगिरीने पाहूनही घेणाऱ्याला कळणार नाही, तो त्याने सांगितलाच पाहिजे. हे अपेक्षित आहे. पण त्याच कलमात घेणाऱ्यावरही बंधन आहे, आणि ते फारसे कोणाला माहीत नसते. विकणाऱ्याच्या हक्काचे स्वरूप किंवा व्याप्ती यांविषयी त्याची किंमत वाढवणारी एखादी गोष्ट घेणाऱ्याला कळली असेल आणि विकणाऱ्याला ती ठाऊक नाही असे मानण्यास कारण असेल, तर घेणाऱ्याने ती उघड केली पाहिजे.

९/
म्हणजे कातकरीवाडीतल्या एखाद्या माणसाला वाटते आहे की जमिनीत आपला चौथा हिस्सा आहे, आणि शहरातून आलेल्या वकिलाने कागद तपासून पाहिले की हिस्सा निम्मा आहे. तर गप्प राहून चौथ्या हिश्शाच्या भावात सौदा करणे हे कायद्याला मान्य नाही.

पण कलमाची मर्यादाही इथेच दिसते. शब्द आहेत ‘हक्काचे स्वरूप किंवा व्याप्ती’. येऊ घातलेला रस्ता, आखलेले रेल्वेस्थानक, मंजुरीच्या वाटेवर असलेला प्रकल्प यांची बातमी त्या शब्दांत बसत नाही. इंग्रजी न्यायालयांनी अठराव्या शतकातच खाणीचा दाखला दिला होता : शेताखाली खाण आहे हे घेणाऱ्याला कळले आणि मालकाला कळले नाही, तरी केवळ गप्प राहिल्यामुळे सौदा रद्द होत नाही. डोंगरपट्ट्यातल्या जमिनीचे पुष्कळसे पैसे या मौनातून आले आहेत. रस्त्याची रेघ आधी कार्यालयातल्या नकाशावर उमटते. गावाला ती दिसते ती मोजणीचे दगड रोवले जाताना. आणि नकाशा पाहू शकणारा माणूस गावातला क्वचितच असतो.

१०/
स्वातंत्र्यानंतर शासनाने स्वतःच जमिनीची किंमत ठरवून पाहिली. १९४८ च्या कूळकायद्यातील सुधारणांनुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषकदिन’ ठरला. त्या दिवशी कसणारी कुळे कायद्याने जमिनीची खरेदीदार मानली गेली. किंमत किती? सर्वसाधारण कुळाच्या बाबतीत आकाराच्या २० पटीहून कमी नाही आणि २०० पटीहून जास्त नाही.

हिशेब करून पाहावा. एखाद्या वरकस जमिनीचा आकार एकरी ४ आणे धरला, तर २०० पट म्हणजे ८०० आणे, अर्थात ५० रुपये. कसणाऱ्याला जमीन परवडावी हा हेतू न्याय्य होता आणि अनेक कुटुंबे त्यामुळे मालक झाली. पण त्या आकड्याच्या मुळाशी एकोणिसाव्या शतकातला तोच आणेवारीचा आकार होता. डोंगरउताराची किंमत मनातही त्याच मापाने रुजली असेल, तर दोष त्या शेतकऱ्याचा म्हणता येणार नाही.

११/
त्याच कायद्याने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकण्यावर बंधन घातले (कलम ६३) आणि कुळाने मिळवलेली जमीन पुढे विकताना परवानगीची अट ठेवली (कलम ४३). आदिवासींच्या जमिनींसाठी १९७४ च्या सुमारास दोन पावले उचलली गेली. जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ आले, म्हणजे बिगर-आदिवासीला हस्तांतर शासनाच्या अनुमतीवाचून नाही. आणि १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हातची गेलेली जमीन आदिवासींना परत देण्याचा कायदा झाला. खालापूर-कर्जतमधील ठाकूर आणि कातकरी वस्त्यांच्या दृष्टीने हे कायदे जीवनमरणाचे. तरीही रायगडातल्या ‘दळी’ जमिनी, म्हणजे वनहद्दीत पिढ्यान्‌पिढ्या कसलेले तुकडे, कसणाऱ्याच्या नावावर सातबारा नसल्यामुळे या संरक्षणाच्या बाहेरच राहिले. ज्याच्या नावावर कागद नाही, त्याला भावच विचारला जात नाही.

खरेदीदाराच्या बाजूने पाहिले तरी या कलमांचे मोल तेवढेच. स्वस्त मिळतो म्हणून घेतलेला प्लॉट यांपैकी एखाद्या कलमाखाली सापडला, तर तो स्वस्त नव्हता हे वीस वर्षांनी कळते.

१२/
आता एक गमतीचा, पण अर्थपूर्ण फेरफटका. डेन्मार्कचा राजा ओरेसुंडच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांकडून मालाच्या किमतीवर जकात घेई. कप्तान किंमत कमी सांगणार, हे उघड होते. राजाने युक्ती काढली : किंमत कप्तानानेच सांगावी, मात्र त्या किमतीला माल विकत घेण्याचा हक्क राजाचा. कमी सांगितली तर माल जाण्याची भीती, जास्त सांगितली तर जकात अधिक. खरे बोलणेच फायद्याचे.

भारत सरकारने नेमकी हीच युक्ती १ ऑक्टोबर १९८६ पासून वापरली. आयकर कायद्याच्या नव्या प्रकरणाखाली मुंबईसह मोठ्या शहरांत १० लाख रुपयांवरील व्यवहार आधी कळवावा लागे, आणि करारात दाखवलेली किंमत फारच कमी वाटली तर सरकार त्याच किमतीला मालमत्ता स्वतः घेऊ शके. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संबंधितांचे म्हणणे ऐकून घेण्याची अट घातली. २००२ मध्ये ही तरतूद मागे पडली. डॅनिश राजाइतके यश काही तिला मिळाले नाही; सरकारला घरांचा व्यापार जमत नाही, हे एक कारण.

१३/
महाराष्ट्राने दुसरा मार्ग धरला. मुद्रांक कायद्याखालील १९९५ च्या नियमांनी बाजारमूल्याचे वार्षिक दर-तक्ते रूढ केले, ज्यांना सगळे ‘रेडी रेकनर’ म्हणतात. गावनिहाय, विभागनिहाय दर. करारात कितीही लिहा, मुद्रांक शुल्क या दोहोंपैकी जे जास्त त्यावर.

सपाट शहरात हा तक्ता ठीक चालतो. डोंगरात तो अडखळतो. एकाच गावात, एकाच दराखाली रस्त्यालगतचा सपाट तुकडा येतो आणि पावसाळ्यात ओहोळ होणारा उतारही. एकाला बारमाही विहीर, दुसऱ्याला टँकर. म्हणून रेकनरचा दर म्हणजे ‘योग्य भाव’ असे जे सर्रास सांगितले जाते, ते डोंगरपट्ट्यात तरी मान्य करण्यासारखे नाही. तो शुल्काचा पाया आहे, सल्ला नव्हे.

१४/
२६ नोव्हेंबर १९९६ रोजी महाराष्ट्र शासनाने थंड हवेच्या ठिकाणांसारख्या भागांत पर्यटन निवास, हॉलिडे होम आणि वसाहती उभारण्यासाठी विशेष नियमावली काढली. आता डोंगर शोधायला कलेक्टर लागणार नव्हता. पुणे जिल्ह्यातील लवासा हे तिचे सर्वांत गाजलेले अपत्य. २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नोटिशीने काम थांबले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेले. घरासाठी पैसे भरलेले ग्राहक धनकोंच्या रांगेत उभे राहिले. बॅक बेच्या भागधारकांची आठवण यावी, असेच ते चित्र.

१५/
इकडे खालापूरचे दार २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाने सताड उघडले. पनवेल–कर्जत उपनगरी मार्गावर चौक स्थानक आहेच. वेळेचे माप पुन्हा एकदा बदलते आहे.

आणि पाणी? खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ पासून लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खाली सोडून मुंबईला वीज देत आले. चौकजवळचे मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचे. त्याचे पाणी नवी मुंबई पिते. धरणाचा देखावा विकता येतो, पाणी नाही. ‘लेक व्ह्यू’ या दोन शब्दांसाठी जास्त रक्कम मोजणाऱ्याने आपल्या नळाला कोणत्या योजनेचे पाणी येणार, हा प्रश्न त्याच बैठकीत विचारलेला बरा.

१६/
१९ जुलै २०२३ ची रात्र. लोधिवलीच्या शेजारच्या इर्शाळगडाचा कडा खाली आला आणि इर्शाळवाडी ही ठाकूर आदिवासींची वाडी गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे सापडलीच नाहीत. वाडीला मोटाररस्ता नव्हता. बचावपथके पायी चढून गेली. शासनाच्या दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते.

ज्या लोकांनी तो डोंगर पिढ्यान्‌पिढ्या ओळखला, त्यांनाही त्याने फसवले. मग ज्याने तो फक्त डिसेंबरच्या निरभ्र सकाळी, दलालाच्या गाडीतून पाहिला, त्याला काय कळणार? डोंगरातली जागा जुलैमध्ये पाहावी, असे जुनी माणसे सांगतात. ओहोळ कोठून वाहतो, माती कोठे सुटते, रस्ता कोठे तुटतो, हे फक्त पाऊसच दाखवतो. भाव त्यानंतर बोलावा.

१७/
१ मे २०१७ पासून राज्यात महारेरा काम करू लागले. चटई क्षेत्राची व्याख्या ठरली, नोंदणीवाचून जाहिरात करण्यास मनाई झाली, नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येईना. प्रकल्प ५०० चौरस मीटरहून आणि ८ घरांहूनही मोठा असेल तर हे नियम लागतात. एकट्या-दुकट्या फार्महाउसचा व्यवहार मात्र अजून १८८२ च्या त्या जुन्या कलमाच्या भरवशावर आहे.

१८/
शेवटी एक साधन, जे शंभराहून अधिक वर्षे उघडे आहे आणि ज्याकडे फार थोडे लोक पाहतात. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या ५७ व्या कलमानुसार स्थावर मालमत्तेच्या दस्तांची सूची कोणीही शुल्क भरून पाहू शकतो. शेजारचा प्लॉट गेल्या वर्षी कितीला गेला, हे दलालाला विचारण्याची गरज नाही. विकणाऱ्या शेतकऱ्यालाही नाही. आता ही सूची संगणकावरही शोधता येते. तिला ‘सूची क्रमांक दोन’, बोलीभाषेत ‘इंडेक्स टू’, म्हणतात. त्या कागदाच्या वरच्याच भागात एकाखाली एक दोन रकाने असतात : ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’.